न पेटवलेला राब

वलवणच्या धरणाच्या भिंतीवर मी रोज सकाळी फिरायला जातो. पंधरा दिवसांपूर्वी परत फिरताना खालच्या अंगाला धुराची पहिली रेघ दिसली. वारा पडलेला होता. रेघ सरळ वर गेली, मग कुणीतरी तळहाताने दाबावी तशी आडवी पसरली. दुसऱ्या दिवशी तशा तीन-चार रेघा होत्या. मावळात चैत्र असा येतो. पालवी, कोकीळ हे सगळं असतंच, पण त्याची वर्दी देतो तो जळत्या शेणाचा आणि पाल्याचा वास. कपड्यांत, उशीत, शाळेच्या वह्यांत तो महिनाभर मुक्कामाला असतो.

हे राब भाजण्याचे दिवस. भाताचं रोप ज्या तुकड्यात वाढवायचं तिथे शेण, वाळका पाला, झाडांच्या छाटलेल्या फांद्या यांचे थर देतात, वर माती पसरतात आणि वाऱ्याच्या बाजूने काडी लावतात. तण मरतं, किडे मरतात, राखेचं खत होतं. मग पावसाच्या तोंडावर त्या काळ्या मातीत दाणे फेकायचे. जमीन भाजल्याशिवाय रोप येत नाही, ही इथल्या माणसाची श्रद्धा म्हणा, अनुभव म्हणा, पिढ्यान् पिढ्यांचा आहे.

गेली बारा वर्षं या दिवसांत मी एकदा गाडीत बसतो आणि घोरावाडीला उतरतो. रूळ ओलांडून अर्धा तास चाललं की एका ओढ्याकाठी भागूबाईंची भाताची दोन खाचरं लागतात. चहूकडे राब धुमसत असतात, आणि मधला तेवढा एक तुकडा गप्प असतो. तिथे धूर नसतो. तो नाही एवढं बघायचं आणि परत यायचं. बांधावरूनच. भागूबाई दिसल्या तर दोन शब्द बोलायचे, पण जे बोलायला हवं होतं ते कधीच नाही.

भागूबाई पौषात गेल्या. मला पत्र उशिरा मिळालं. यंदा राब त्यांच्या सुनेच्या हातात आहे, आणि तिला काडी ओढायला कुणाची आडकाठी नाही. म्हणून या वर्षी मी दोन आठवडे नुसता भिंतीवरून धूर बघत राहिलो. गाडीचं वेळापत्रक तोंडपाठ असूनही स्टेशनकडे पाय वळेना.

तेरा-चौदा वर्षांपूर्वी आम्ही घोरावाडीला स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहत होतो, मी आणि माझी बायको इंदू. मी जवळच्या शाळेत रसायन शिकवायचो. इंदू शिकलेली होती, पण नोकरी करत नव्हती. लहानपणी सांधेतापाने तिचं काळीज अधू झालं होतं. डॉक्टरांनी धावपळ करायची नाही असं सांगितलं होतं, आणि ती धावत नसे. पण चालायची भरपूर, आणि सावकाश. सावकाश चालणाऱ्याला जे दिसतं ते सगळं तिला दिसायचं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या चैत्रात ती फिरून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, “अहो, सगळ्यांच्या राबाचा धूर पांढरा आणि एकाच राबाचा काळा. काजळीसारखा. असं का?”

मी वही तपासत होतो. म्हटलं, “टायर घातलं असेल पेटवायला.”

“टायर नाही. मी विचारून आले. त्या मावशी म्हणाल्या, आमच्या मातीलाच रोग आहे.”

त्या मावशी म्हणजे भागूबाई. वय पन्नाशीचं, नवरा लवकर गेलेला, मुलगा लहानखुरा आणि मुखदुर्बळ. दोन खाचरं, त्यांच्या डोक्याशी ओढ्यालगत रोपाचा तुकडा. दहा-बारा खाटा शेजारी शेजारी टाकल्या तर मावतील एवढाच. पण पाण्याजवळची, रोप वाढवण्याजोगी जागा त्यांच्याकडे तेवढीच होती. त्या तुकड्यात कित्येक वर्षांत रोप धरलं नव्हतं. दाणा फुटायचा, बोटभर व्हायचा आणि पिवळा पडून झोपायचा. मग भागूबाईंना आषाढात टोपली घेऊन भाऊबंदांच्या बांधावर उभं राहावं लागे. सगळ्यांची लावणी उरकली की उरलेलं, वय झालेलं रोप त्यांना मिळे. त्याचं पीक काय येणार?

“देनारा देतो ओ, न्हाई म्हनत न्हाई,” त्या सांगायच्या. “पर देताना वर बगत न्हाई. भिकारनीला दिल्यावानी मुटी टाकतो टोपल्यात.”

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत वरच्या माळावर दारूगोळ्याचा एक तात्पुरता तळ होता. आमच्या वेळी तिथे सिमेंटचे ओटे आणि मोडकं तारेचं कुंपण एवढंच उरलं होतं. जुने गोळे वाफेने तापवून त्यांतली दारू वितळवून काढत. धुतलेलं पाणी चर खणून उताराला सोडत. “ऊन लागलं की पानी तांबडं व्हायचं,” भागूबाई म्हणाल्या. “आमाला वाटायचं रगात हाय का काय.” चर त्यांच्या रोपाच्या तुकड्यात येऊन संपत होता.

मी मातीची पुडी शाळेत नेली. प्रयोगशाळेतल्या द्रावणात ती हलवली, गाळली, वर कॉस्टिक सोड्याचे दोन थेंब टाकले. नळीतलं पाणी कुंकवासारखं लाल झालं. टीएनटी, गोळ्यांतली तीच दारू. लढाई संपून इतकी वर्षं झाली तरी ती तिथेच, भाताच्या मुळाशी बसून होती.

मी पुस्तकं काढली. मला दुसरं काही येत नाही. अडलं की मी पुस्तकं काढतो. ही दारू कशी करतात याला तिथे चार पानं होती. ती मातीत गेल्यावर मातीचं काय होतं, याला एक ओळही नव्हती.

इंदू म्हणाली, “उकिरड्यात घालून बघू या.”

मी हसलो. ती हसली नाही. तिच्या माहेरी शेती होती. सांगू लागली, “आमच्या उकिरड्यात काय काय जायचं. नासलेलं तेल, मेलेली कोंबडी, गुरांची औषधं, एकदा तर फिनेलचा अख्खा डबा सांडला. वर्षाने उकरलं तर सगळी सारखीच काळी माती. कुठे फिनेल आणि कुठे कोंबडी. कुजताना तो काहीतरी खातो, अहो. आणि मावशी दर वर्षी जाळताहेत. जाळून गेलं असतं तर एवढ्या वर्षांत गेलं नसतं?”

मी रसायनाच्या बाजूने विचार करून बघितला. दारू जाळण्यासाठीच केलेली असते. वरची जळते, काळा धूर होतो, आणि मातीच्या कणाला धरून बसलेली तिथेच राहते. कुजणाऱ्या ढिगात बारीक जंतू असतात, बुरशी असते, त्यांना तिचा रेणू फोडता येत असेल का? असेलही. आजसुद्धा मी यापेक्षा जास्त खात्रीने काही सांगू शकत नाही.

भागूबाईंना पटवणं अवघड गेलं. “जाळायचं न्हाई? आन् मंग राब कशाचा त्यो?”

“कुजवायचा राब,” इंदू म्हणाली.

“उकिरड्याची दैना बारा वर्सांनी फिटती म्हनत्यात, बाई. बारा वर्सं थांबू व्हय मी? तवर मीच कुजंन की.”

“बारा नाही, मावशी. एक वर्ष द्या. या वेळी पेटवू नका, एवढंच.”

भागूबाईंनी माझ्याकडे बघितलं. “मास्तर, तुमी काय म्हनता?”

मी म्हणालो, “ती म्हणते तसं.” माझ्या हातून इंदूसाठी घडलेल्या थोड्या बऱ्या गोष्टींत या तीन शब्दांची गणना मी करतो.

दिवाळीनंतर कामाला लागलो. तुकड्याची वीतभर माती भागूबाईंच्या मुलाने खरवडून काढली. त्यांच्या माहेराहून, आंबीहून, भाऊ बैलगाडीने शेण घेऊन आला. त्याने आमचा ढीग बघितला, बहिणीकडे बघितलं, आणि बैलांना म्हणाला, “चला रे, हितं समदी शिकल्याली मानसं हायती.” माती, शेण, पेंढा, पाला, पुन्हा माती असे थर दिले. दर आठवड्याला ढीग उकरून वरचा खाली करायचा, पाणी शिंपडायचं. मी रविवारी जात असे. इंदू रोज जायची. तिने धावू नये असं डॉक्टर म्हणाले होते; वाकू नये असं म्हणाले नव्हते, हा तिचा युक्तिवाद.

मी तिला रेनकोटच्या कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या होत्या, हातात घालायला. ती त्या बांधावर वाळत घालायची. बोटं पिवळी झाली. भागूबाई तिचा हात धरून म्हणाल्या, “आगं बया, परत हळद लागली का काय मास्तरीनबाईला? आमाला जेवान न्हाई दिलं ते!” दोघी बांधावर बसून हसल्या. मी चिडलो. पुढच्या रविवारी तिने माझ्यादेखत पिशव्या घातल्या आणि मी वळल्यावर काढल्या असतील.

मार्गशीर्षातली एक सकाळ माझ्याकडे अजून जशीच्या तशी आहे. दव एवढं की पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. ओढ्यावर धुकं. इंदू ढिगाशी उभी होती, शाल डोक्यावरून घेतलेली. मला म्हणाली, “हात घाला.”

“कशात?”

“यात. कोपरापर्यंत. घाला तर.”

घातला. आत ऊब होती. अंगात ताप असलेल्या मुलाच्या पाठीला हात लावावा तशी. बाहेर बोटं गारठून आखडत होती, आणि त्या घाणीच्या, दारूच्या, पाल्याच्या पोटात ती ऊब कुणी न पेटवता आलेली होती. “जळतंय की नाही?” ती म्हणाली. “पण घाईने नाही.”

दर महिन्याला ती माती कागदात बांधून द्यायची. वर्तमानपत्राचा चौकोनी कागद, वर पेन्सिलीने तिथी. मी नळीत रंग बघायचो आणि घरी येऊन सांगायचो. कुंकवाचा लाल डाळिंबाच्या दाण्यावर आला. पौषात आणखी उतरला. मी म्हटलं गुलाबी. ती म्हणाली, “असं नाही, नीट सांगा. गुलाबी म्हणजे कसला?” मला सांगता येईना, म्हणून ती शाळेत आली आणि नळी उजेडात धरून म्हणाली, “पाचवीतल्या मुलींच्या रिबिनीसारखा. धुतलेल्या रिबिनीसारखा.” मी वहीत तसंच लिहिलं.

माघाची पुडी तिने बांधून टेबलावर ठेवली. ती तपासायची राहिली.

तिचं जाणं फार लांबलं नाही. फाल्गुनात तीन दिवस धाप, चौथ्या दिवशी पहाटे काही नाही. मी डॉक्टरांना पिवळ्या बोटांबद्दल विचारलं. ते म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही, काळीज लहानपणापासूनच अधू होतं. मी ते उत्तर घेतलं. कधी कधी अजून उघडून बघतो.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला गेलो तेव्हा वरची राख गार होती. आत हात गेला आणि चटका बसला. त्यानंतर बारा वर्षं मी कशातही नीट हात घातला नाही. भांड्यातल्या पिठात नाही, शाळेतल्या वाळूत नाही. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

क्रियाकर्म गावी केलं. चौदाव्या दिवशी परत निघालो. चैत्र लागला होता. गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना राब पेटलेले दिसत होते. घोरावाडीला उतरलो, घरी जायचं सोडून तडक ओढ्याकडे चालू लागलो. का ते कळत नव्हतं. घर रिकामं होतं म्हणून असेल. तो ढीग तेवढा तिच्या हातचा, चालू असलेला उरला होता म्हणून असेल.

लांबूनच दिसलं. ढीग पसरलेला होता, त्यावर फांद्यांचा थर, वर माती, आणि कडेने धूर.

भागूबाई आणि वाडीतल्या चार बायका तिथे उभ्या होत्या. पदर खोचलेले, तोंडं घामेजलेली. मला बघून भागूबाईंचे डोळे भरले. “मास्तर, आलात? बाई गेली, आता तुमाला कोन हाय हातभार लावाया. म्हनलं तुमचं एवडं काम तरी आमी उरकून ठिवावं. समद्यांचं राब पेटलं, बाईचाच तेवडा मागं राहिला व्हता. बरं दिसतंय का ते?”

त्यांनी दोन दिवस खपून डोंगरातून फांद्या आणल्या होत्या. चैत्रात शेण आणि पाला एका जागी पडलेला असेल तर मावळातलं दयाळू माणूस त्याला काडी लावतं. दुसरं काय करेल? गेलेल्या माणसाचं राहिलेलं काम पुरं करायचं, याहून मोठी माया त्यांना ठाऊक नव्हती. हे मला आज कळतं. तेव्हा मी म्हणालो, “कुणी सांगितलं होतं तुम्हाला? तुम्ही तिला दुसऱ्यांदा जाळलंत.”

जवळच कुठेतरी ओली फांदी तडतडत होती. भागूबाईंचं तोंड मी बघितलं, आणि बघितल्याबरोबर बोललेलं परत घ्यावंसं वाटलं. पण ते बोलणं तोवर त्यांच्यापाशी पोचलं होतं. त्या वळल्या, हंडा उचलला, ओढ्यात उतरल्या, भरून आणला आणि पेटत्या राबावर ओतला.

“आगं ए, राब इझवत्यात व्हय कुटं?” एक म्हातारी ओरडली. “पीक जाईल!”

“जाऊ दे,” भागूबाई म्हणाल्या आणि दुसरा हंडा आणायला गेल्या.

पेटवलेला राब विझवणं म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखं. तरी एकेक करून बाकीच्यांनीही हंडे उचलले. मी उभा होतो. मी एकही हंडा आणला नाही. धुराची जागा वाफेने घेतली, मग तीही थांबली. आत ओल होती म्हणून वरची चार बोटंच जळली होती, खालचा ढीग काळा आणि ओला तसाच होता. हे भागूबाईंनी हाताने उकरून मला दाखवलं. मी बघितलं, आणि निघून आलो.

जूनमध्ये मी बदली मागून लोणावळ्याला आलो. वलवणला खोली घेतली. माघाची पुडी पुस्तकांच्या खोक्यातून बरोबर आली. नवीन शाळेतही नळ्या होत्या, सोडा होता. पुडी सोडायला हात होईना. आत लाल निघेल याची भीती होती असं नाही. लाल निघालं असतं तरी चाललं असतं. तो कागद सोडला की तिने बांधलेली गाठ सुटणार होती, आणि तिने बांधलेलं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

आषाढात एका दुपारी दार वाजलं. भागूबाई होत्या. इरलं निथळत होतं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. एकट्या गाडीत बसून त्या प्रथमच आल्या होत्या. पदराखालून ओलं गोणपाट काढलं आणि माझ्या टेबलावर, उघड्या पुस्तकाच्या बाजूला ठेवलं. आत रोपाची एक मूठ होती. पाती वीतभर, अशी हिरवी की खोलीत तेवढाच रंग होता.

“आंबेमोहोर हाय,” त्या म्हणाल्या. “त्याच तुकड्यातला. यंदा कुनाच्या बांधाला टोपलं घेऊन गेले न्हाई मी. उलटं दोगं माज्याकडं आले मागाया. मी वर बगून दिलं.”

मी म्हटलं, “बसा. चहा टाकतो.”

“नगं. लावनी टाकून आले.” दाराशी गेल्या, थांबल्या. “मास्तर, तितं आता काडी लागायची न्हाई. मी हाय तवर न्हाई.”

त्याच क्षणी म्हणायला हवं होतं. ‘मावशी, चुकलो’ एवढे दोन शब्द होते. मी स्टोव्हला पंप मारत राहिलो. मागे वळलो तेव्हा उंबऱ्यावर चिखलाचं पाऊल होतं. ते वाळेपर्यंत मी पुसलं नाही. रोप मी डब्यात लावलं. ते काही जगलं नाही. भाताला सोबत लागते.

त्यांनी शब्द पाळला. वाडी हसली, जावा हसल्या. “आमचा राब भाजतोय, हिचा नासतोय,” असं म्हणत. त्या दर दिवाळीनंतर ढीग लावत आणि चैत्रात तो पसरत. मी दर चैत्रात बांधावर जाऊन उभा राहत असे, आणि दोन शब्द गिळून परत येत असे.

अखेर काल गेलो. पहिली गाडी धरली. पुडी खिशात घातली. का घेतली ते विचारू नका.

घोरावाडीला उतरलो तर सगळीकडे धूर. डोळे चुरचुरत होते. ओढ्याच्या वळणापर्यंत काहीच दिसेना, आणि मी मुद्दाम सावकाश चाललो, इंदूसारखा. वळलो. डावीकडे राब पेटलेला, उजवीकडे पेटलेला. मध्ये तो तुकडा. त्याच्या कडेला काळा, ओला ढीग, आणि ढिगावर उभी राहून फावड्याने उकरणारी भागूबाईंची सून, हौसा.

तिने कपाळावरचा घाम पुसला. “या मास्तर. म्हनलं यंदा येता का न्हाई. आत्याबाई जाताना मला बोलल्या, मास्तर येत्याल बांधावर, त्यांना धूर दिसाया नगं.”

मी बांधावरच उभा राहिलो. तशी ती आवाज चढवून म्हणाली, “आता दर साली नुसतं हुबं राहून कसं भागंल? आलाय तर हात लावा की. माजी कंबर गेलीया.”

मी बांध उतरलो. बारा वर्षांत पहिल्यांदा. खिशातली पुडी काढली. गाठ सोडायला वेळ लागला. दोरा कुजला होता. आत मूठभर माती, बाकी कुठल्याही मातीसारखी. मी ती ढिगावर ओतली. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. पेन्सिलीची तिथी अजून वाचता येत होती.

“काय टाकलं ओ?” हौसा म्हणाली.

“इथलीच माती. नेली होती एकदा. द्यायची राहिली.”

“मंग वर वर नगा ठिवू. कालवा आत.”

मी बाही वर सारली आणि हात घातला. बोटं, मनगट, मग कोपरापर्यंत. आत ऊब होती.